पाच तारांची ओढ

बाजारात त्या दोघा भावांना जोडगोळी म्हणत. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला बाळ. बाळच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते, त्याची मुलगी कॉलेजात जात होती, तरी तो बाळच. नाव एकदा चिकटलं की ते माणसाबरोबर मोठं होत नाही. लोकांच्या दिवाणखान्यात पडदा लावायचा, छताला प्रोजेक्टर टांगायचा, भिंतीतून वायरी न्यायच्या आणि घरच्या घरी थिएटर उभं करून द्यायचं, हा त्यांचा धंदा.

कामाची वाटणी जुनी होती. दादा शिडीवर, प्रोजेक्टरपाशी. बाळ खाली, प्लेअरच्या कपाटामागे. मधे भिंत, छत आणि वायरींनी भरलेला पाइप. त्या वायरी पाच असत. तीन रंगांच्या, आणि दोन काळ्या-पांढऱ्या, चित्राला जागेवर धरून ठेवणाऱ्या. प्रोजेक्टरच्या पाठीवर प्रत्येक भोकाखाली अक्षर कोरलेलं असे, पण वायरींना अक्षरं नव्हती, नुसते रंग होते.

"ओढ दे!" शिडीवरून दादा ओरडायचा.

"तांबडी!" कपाटामागून बाळ म्हणायचा आणि हातातली वायर हलकेच खेचायचा.

शिडीवर दादाच्या मुठीत पाच वायरींचा जुडगा असे. त्यातली एक हलायची. दादा तीच उचलून तिच्या भोकात बसवायचा.

"लागली!"

मग हिरवी, मग निळी. पुन्हा ओढ दे, पुन्हा लागली. बाळ नेहमी तांबडीपासून सुरुवात करायचा. ज्याच्या घरी काम चाले तो मालक हसून म्हणायचा, काय तुम्हा भावांची एकमेकांना ओढ! दादा हसत नसे. त्याला शिडीवरून खाली बघायला आवडत नसे, असं लोक समजत.

आता कोणी विचारील, वायरींना रंग असताना ही खेचाखेच कशाला? डोळे नव्हते का? डोळे होते, आणि चांगले होते. दादा सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचा. पण देवाने त्याला तांबडा आणि हिरवा हे दोन रंग वेगळे करून दिलेच नव्हते. दोन्ही त्याला वाळल्या गवतासारखे दिसत. हे फक्त बाळला ठाऊक होतं. शाळेत असताना दादा एक दिवस एका पायात तांबडा आणि दुसऱ्या पायात हिरवा मोजा घालून निघाला होता. धाकट्याने त्याला फाटकाशी अडवलं, स्वतः उकिडवं बसून एक मोजा काढला आणि घरातून आणलेला जोडीचा घातला. त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही. दादाच्या बायकोला एवढंच वाटे की आपल्या नवऱ्याला कपड्यांतलं काही कळत नाही. ते तर सगळ्याच बायकांना वाटतं, म्हणून तिने पुढे तपास केला नाही.

आणि आता बाळ चालला होता. दुसऱ्या शहरात मोठमोठी चित्रपटगृहं उभी करणाऱ्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. महिना संपला की तो जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि जेवताना कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

"एकदा तोंडाने म्हणा की, राहा," बायको दादाला म्हणाली होती.

"लहान आहे का तो? बाळ नावाचा आहे, बाळ नाही."

"तुम्ही मेल्याशिवाय तोंड उघडायचे नाही."

"मेल्यावर तर उघडंच राहतं," दादा म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

वकीलबाईंच्या घरचं काम हे दोघांचं शेवटचं काम होतं.

दिवाणखाना ऐसपैस होता. एका टोकाला पडद्याची भिंत आणि तिच्याखाली प्लेअरचं कपाट, दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टरची जागा. छत अर्धं उघडं होतं. फॉल्स सीलिंगवाला आपल्या पाट्या भिंतीला टेकवून बसला होता आणि दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होता. वायर आत गेली की तो छत बंद करणार, आणि एकदा बंद झालं की पुन्हा उघडायचं नाव नाही. पाइप गवंड्याने बारीक टाकला होता. त्यातून एक तर पाच तारांचा अॅनालॉग जुडगा जाईल, नाहीतर एकटी डिजिटल केबल. दोन्ही नाही.

"मग काय घालायचं?" वकीलबाईंनी विचारलं.

"अॅनालॉग," दादा म्हणाला.

"डिजिटल," बाळ म्हणाला.

दोघे एकदमच बोलले. वकीलबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "एकेकाने. थोरल्यांनी आधी."

दादाने घसा साफ केला. "बाई, अॅनालॉग म्हणजे घरचं माणूस. अंगात ताप असला तरी दार उघडायला उठून येतं. वायर लांब झाली, कुठे सैल पडली, तर चित्र जरा मऊ होईल, कडेला सावली धरेल, पण येईल. डिजिटलचं तसं नाही. ती एक तर सगळं देते, नाहीतर अंधार. आणि अंधार का, हेही सांगत नाही. रुसली की रुसली."

"आता तुम्ही."

बाळ जमिनीकडे बघत बोलला. "चकतीवर चित्र आकड्यांत असतं. प्रोजेक्टरही आत आकड्यांतच काम करतो. मधल्या मधे आकड्यांच्या लाटा करायच्या आणि पलीकडे लाटांचे पुन्हा आकडे. इथला निरोप तिथे द्यायला दोन दुभाषे कशाला? आणि नवे प्लेअर अॅनालॉगला पूर्ण चित्र सोडतच नाहीत. मुद्दाम हात आखडता घेतात."

"पण एवढ्या लांब डिजिटल पोचेल?"

"तांब्याची दमते. काचेच्या धाग्याची येते आता, ती पोचते." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि तिची पिन एकच. एकाच बाजूने बसते. डोळे मिटून लावली तरी चुकत नाही."

"डोळे मिटून काम करायची वेळ नाही आली माझ्यावर अजून," दादा म्हणाला.

बाळ खाली वाकून पाच तारांचा जुडगा सोडवू लागला.

सोफ्यावर वकीलबाईंच्या सासूबाई लोकर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुईवरची नजर न काढता विचारलं, "सूनबाई, हे दोघं वायरीवरून भांडतायत, की वाटणीवरून?"

दादाच्या मनात काय होतं ते साधं होतं. घराघरांत पाच तारा असतील तोवर दोन माणसं लागतील. एकाने ओढ द्यायची, दुसऱ्याने ती ओळखायची. एकच पिन आली की एकच माणूस पुरे. मग दुसरा माणूस जाईल तो कशासाठी परत येईल? हे त्याने स्वतःलाही इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. तो फक्त म्हणत राहिला की अॅनालॉगच्या चित्रात जीव असतो.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," वकीलबाई म्हणाल्या. "दोन्ही वायरी जमिनीवरून सोडा. एकच चित्र दोन्हींतून दाखवा. मी बघते आणि ठरवते. छतवाले, तुम्ही थोडं थांबा."

"थांबलोच आहे," छतवाला म्हणाला.

काचेच्या धाग्याची लांब केबल दुकानात होती. बाळ ती आणायला उठला. दाराशी जाऊन परत वळला.

"दादा, मी येईपर्यंत थांब. पाच तारा दोघं मिळून लावू."

"जा तू."

"थांबशील ना?"

"अरे, जा म्हटलं ना!"

बाळ गेला. प्रोजेक्टर तात्पुरता तिपाईवर ठेवला होता, आणि प्लेअरकडची पाचही टोकं बाळने जाण्याआधीच लावून ठेवली होती. दादा थांबलाही असता, पण वकीलबाईंनी खिडकीचे पडदे ओढले आणि म्हणाल्या, "अॅनालॉग तर लावून दाखवा तोवर. मला नंतर अशील भेटायला येणार आहेत." दादाला वाटलं, पुढच्या महिन्यापासून एकट्यानेच करायचंय, तर आजपासून का नको? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. दादाचा तर सुंभही अजून शाबूत होता.

निळी त्याने लगेच ओळखली. काळी आणि पांढरी तर आंधळ्यालाही कळावी. तिन्ही आपापल्या जागी बसल्या. दोन उरल्या.

त्या दोन वायरी त्याने पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरल्या. एक किंचित गडद वाटली. मग दुसरी वाटली. सवयीने त्याने त्यातली एक हलकेच खेचली. लांब, कपाटापाशी, तीच वायर फरशीवर जराशी सरकली. तिथे कोणी नव्हतं.

सोफ्यावर सासूबाई विणत होत्या. 'आजी, यातली तांबडी कोणती हो?' एवढंच विचारायचं होतं. वाक्य जिभेपर्यंत आलं. दादाने ते गिळलं आणि गडद वाटलेली वायर तांबडीच्या भोकात बसवली.

दिवा तापला, चित्र आलं. दोघा भावांची ही नेहमीची नमुन्याची चकती होती: बागेत उभी असलेली एक बाई, हातात फळांची टोपली, मागे मोठी हिरवळ. तिच्या नाकावरचे ठिपकेसुद्धा दादाला पाठ होते. आज तर केसातला केस वेगळा दिसत होता. ना सावली, ना थरथर. कुठेही चूक नाही. एकट्याने लावलं होतं त्याने. त्याची छाती फुगली.

"बघा," तो म्हणाला. "एकेक केस मोजून घ्या. आणि कातडीचा रंग बघा, किती खरा!"

विणायच्या सुया थांबल्या.

"चित्र छान आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "पण या बाईला बरं नाहीये का? हिरवीगार पडलीये नुसती."

"आणि मागे गवत पेटलंय," वकीलबाई म्हणाल्या.

छतवाला उठून उभा राहिला. "ओठांवर तर शेवाळ धरलंय."

दादाने पुन्हा पाहिलं. त्याला तीच बाई दिसत होती. फार तर जरा थकलेली.

"दिव्यात काही बिघाड आहे का?" वकीलबाईंनी विचारलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. "दादा, तुम्ही आत्ता म्हणालात, कातडीचा रंग खरा आहे. तुम्हाला हे दिसत नाहीये का?"

प्रश्नात वाईट काही नव्हतं. त्यांच्या पेशात असा प्रश्न रोज विचारावा लागतो. दादा वायरीकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात दार लोटून बाळ आत आला. खांद्यावर केबलचं वेटोळं होतं आणि तो धापा टाकत होता. त्याने पडदा पाहिला, मग भावाचं तोंड.

"माझी चूक," तो म्हणाला. "जाताना मीच दोन पिना उलट्या सांगून गेलो."

"जाताना तुम्ही फक्त 'थांब' म्हणालात," वकीलबाई म्हणाल्या. "मी इथेच होते."

"त्याच्या आधी, बाई. सकाळी. दुकानात."

"बरं," वकीलबाई म्हणाल्या. त्यांना खोटा साक्षीदार दारातूनच ओळखू येत असे, पण सगळ्याच साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची नसते, हेही त्या जाणून होत्या.

वायरी समोर जमिनीवर पसरल्या होत्या. प्रोजेक्टरपाशी जाऊन दोन पिनांची अदलाबदल केली की काम झालं असतं. पण बाळ गेला तो थेट कपाटामागे, आपल्या जागी. खाली बसला.

"दादा, दोन्ही काढ. ओढ देतोय. तांबडी."

दादाच्या हातात दोन वायरी होत्या. त्यातली एक हलली.

"लागली," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. उरलेली हिरवीच, तीही बसली.

पडद्यावर बाईच्या चेहऱ्यावर रक्त आलं. "आता कशी माणसात आली," सासूबाई म्हणाल्या आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

मग बाळने डिजिटल केबल सोडली. एक पिन इकडे, एक पिन तिकडे. बोलावं लागलं नाही. पडदा क्षणभर काळा राहिला, दोन यंत्रांनी एकमेकांची ओळख पटवून घेतली आणि बाई पुन्हा बागेत उभी राहिली.

वकीलबाईंनी दोन्ही चित्रं आलटूनपालटून पाहिली. "खरं सांगू? डिजिटल किंचित धारदार आहे. पण फार फरक नाही."

"मला आधीचं बरं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यात सुरकुत्या कमी दिसतात."

"निकाल तुम्हीच द्या, दादा. हे घर तुमचं असतं तर?"

सगळे दादाकडे बघायला लागले. बाळ सोडून. तो केबलच्या पिनेवरची धूळ अंगठ्याने पुसत होता. ती पिन एका बाजूला रुंद होती आणि दुसऱ्या बाजूला निमुळती. उलटी धरली तर बसूच शकली नसती. डोळे मिटून लावली तरी चुकत नाही, असं बाळ म्हणाला होता. दादाला ते टोमण्यासारखं लागलं होतं. कितीतरी घरांत, कितीतरी महिने बाळ याच एका गोष्टीसाठी हटून बसत होता, आणि दादाला वाटत होतं की हा नव्याच्या नादी लागलाय, इथून सुटायची घाई झालीय याला.

"डिजिटल घाला," दादा म्हणाला.

बाळने मान वर केली.

"आत्ता तर घरचं माणूस म्हणत होतात," वकीलबाई म्हणाल्या. "का बदललं मत?"

"ही एका माणसाला जमते."

वकीलबाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांचे अशील आले होते.

दादा शिडीवर चढला आणि छताच्या उघड्या भागात डोकं घालून उभा राहिला. बाळ खाली कपाटामागे बसला. काचेच्या धाग्याची केबल एकाच दिशेने चालते, म्हणून प्रोजेक्टरकडच्या टोकावर तशी अक्षरं छापलेली होती. दादाने ती आधी वाचून घेतली. अक्षरं त्याला सगळी वाचता येत. पाइपातल्या दोरीला केबल बांधली, दोघांनी दोन बाजूंनी सांभाळून ती सरकवली, आणि पाच तारांना जिथे अर्धी दुपार लागली असती तिथे ही पाहता पाहता पार झाली. दादाच्या हातात टोक आलं. आता काही ओरडायचं नव्हतं.

तो टोक धरून उभाच राहिला.

"बाळ."

"हं?"

"जाऊ नकोस म्हटलं तर?"

छतातल्या पोकळीत आवाज घुमला आणि त्याचा गोळा झाला.

"काय?" खालून बाळ ओरडला. "ऐकू नाही आलं!"

दोघांच्या बरोबर मधे छतवाला पाटी डोक्यावर तोलून उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. त्याने आधी शिडीवरच्या पायांकडे बघितलं, मग कपाटामागच्या पाठीकडे. त्याच्या ओठांत स्क्रू धरलेले होते, म्हणून तो काही बोलला नाही.

"काही नाही," दादा म्हणाला. "ओढ दे."

"अरे, एकच तर वायर आहे!"

"असू दे. दे तू."

मग दादाच्या मुठीतली केबल हलली. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

"लागली का रे?"

"लागली," दादा म्हणाला.

छतवाल्याने पाटी बसवली आणि तोंडातला पहिला स्क्रू काढला.

महिना संपल्यावर बाळ गेला. निघताना बसस्टँडवर दोघे भाऊ बस वेळेवर आहे की नाही याबद्दल बोलले. ती वेळेवर होती. बायकोने घरी आल्यावर विचारलं, "म्हणालात का?" दादा म्हणाला, "म्हणालो. त्याला ऐकू आलं नाही." ती बघतच राहिली, पण तो खरं तेच सांगत होता.

त्यानंतरची कामं दादा एकट्याने करू लागला. पिन एकाच बाजूने बसत होती. बाळचा फोन येई. तिकडचे पडदे घराएवढे आहेत आणि जेवण बेचव आहे, असं तो सांगे.

मग एका जुन्या गिऱ्हाइकाचा निरोप आला, की उंदराने वायर कुरतडलीय आणि चित्र गेलंय. ते घर पाच तारांचं होतं. दादाने दुकानातल्या खुंटीवरून जुना जुडगा उतरवला. पुसायला म्हणून हातात घेतला, तर एका वायरीच्या पिनेखाली बोटाला काहीतरी लागलं. दोरा होता. घट्ट गुंडाळून गाठ मारलेला, दोन्ही टोकांना. बाकीच्या चार वायरी गुळगुळीत होत्या.

रंग कोणता, हे दादाने फोन करून विचारलं नाही. बाळ नेहमी तांबडीपासूनच सुरुवात करायचा.